दीडच्या ताईंचा दुखवटा

आमचे घरमालक सोपानतात्या उन्हाळ्यात घरात उघडेच वावरायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर पंचा, संपलं. पण दुपारचा दीड वाजत आला की ते तोंडावर पाणी मारायचे, खुंटीवरचा पांढरा सदरा अंगात चढवायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे, डोक्यावर टोपी ठेवायचे आणि टीव्हीपुढे मांडी घालून बसायचे. त्या वेळी टीव्हीवर कुसुमताई स्वयंपाक शिकवायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कुठं लग्नाला निघालाय. विचारलं तर म्हणाले, "परकी बाई घरात येती. तिच्याम्होरं उघडं बसू?"

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, तात्या, त्यांना तुम्ही दिसत नाही हो. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी. म्हणाले, "तिला मी दिसत न्हाई. मला ती दिसतीया न्हवं?"

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि पुण्यातली घरं बघून बघून चपला झिजल्यावर आम्ही घोटावड्यात तात्यांच्या मागच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. दिवसभर मी, मधली भिंत आणि भिंतीपलीकडचे तात्या. भिंत तरी कसली, एका विटेची. त्यांनी मिरचीची फोडणी दिली की ठसका मला लागायचा.

शेगडी तात्यांनी टीव्हीपुढेच आणून ठेवली होती. ताई कांदा चिरू लागल्या की हे कांदा चिरणार, ताई ढवळू लागल्या की हे ढवळणार. "ताई सांगती त्ये करायचं, आपलं डोकं चालवायचं न्हाई," हा त्यांचा नियम. तरी दोघांचे खटके उडायचेच. ताई म्हणाल्या, चवीपुरतं मीठ घाला, की तात्या विचारायचे, "कुणाच्या चवीपुरतं?" ताई म्हणाल्या, आवडत असतील तर काजू घाला, की तात्या आपल्याला आवडत नसल्याचं तिथल्या तिथे जाहीर करायचे. सगळ्यात मोठं भांडण झाकणावरून. ताई झाकण ठेवायच्या, मध्ये साबणाच्या नि पावडरीच्या जाहिराती व्हायच्या, आणि झाकण काढलं की उसळ तयार. तात्यांचे वाटाणे अजून गोट्यांसारखे टणक. मग ते माझ्या भिंतीवर थाप मारून विचारायचे की हिचं शिजलं कसं, जसा काही वाटाणा मीच कच्चा ठेवलाय. पदार्थ झाला की मात्र राग विसरून ताट दोन्ही हातांनी उचलून टीव्हीपुढे धरायचे. "बघा ताई." मग तेच ताट माझ्या दारात यायचं. त्या वर्षात माझं वजन वाढलं त्याला कारण तात्या, पण नवऱ्याला ते कधी पटलं नाही.

गल्लीतल्या बायका हसायच्या. उभा जन्म भातशेती केलेला, साठी ओलांडलेला गडी पुरण वाटतोय म्हटल्यावर हसणारच. समोरच्या शेवंताकाकू बचत गटाच्या अध्यक्ष. त्याही हसायच्या, पण एकदा पापड लाटता लाटता त्यांनीच मला आतली गोष्ट सांगितली.

तात्यांची एकुलती एक लेक सुरेखा पौडपलीकडच्या माले गावात, माल्याला दिलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिची आई गेली, ती ऐन भात लावणीत. पाठोपाठ धोंड्याचा महिना लागला. लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचं जेवू घालायचं, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. पण सुतकाच्या घरात कसला धोंडा? राहून गेला. मग आदल्या दिवाळीत सुरेखाच्या सासूनं निरोप धाडला, की तुमच्याकडं आता करणारं कोण हाय, सण नि धोंडा राहू द्या, उगं तरास घेऊ नका. शब्द गोड होते, पण तात्यांच्या जिव्हारी लागले. येत्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना पुन्हा येत होता. तात्यांनी ठरवलं, वाण द्यायचंच, आणि तेही विकतचं नाही, शेजारणीच्या हातचं नाही, आपल्या हातचं. हा महिना हुकला की पुन्हा तीन वर्षं थांबा, आणि तोवर लेकीचं माहेर नावापुरतंच. म्हणून कुसुमताई.

हे ऐकल्यावर मी हसणं बंद केलं. बापलेकीचं बोलणं मला भिंतीतून ऐकू यायचंच. जेवलीस का, बरी हायेस का, ठिवतो. एवढाच फोन. सुरेखा आली तरी उभ्या उभ्या यायची, चहा घेतल्यासारखं करायची आणि पौडची गाडी चुकेल म्हणून निघायची. दोघांच्या तोंडून तिच्या आईचं नाव मी कधी ऐकलं नाही. भिंतीवर फोटोसुद्धा नव्हता.

धोंड्याचा महिना लागला आणि कुसुमताईंनी सांगितलं की या महिन्यात आपण अनारसे करणार आहोत, पण ते नाजूक काम, म्हणून दोन भागांत. एकदा पीठ, एकदा तळणी. तात्या त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी मला दोनदा चहा पाजला. घरचा जुना तांदूळ निवडून ठेवला.

आणि त्याच आठवड्यात संध्याकाळच्या बातम्यांत आलं, कुसुमताई गेल्या. झटका आला आणि खेळ खलास. हातातलं लाटणं तसंच धरून मी टीव्हीपुढे उभी. नवरा म्हणाला, पोळी करपतेय. इतक्यात दार वाजलं. दारात तात्या. संध्याकाळची वेळ, आणि अंगात सदरा, डोक्यावर टोपी.

"ताई ग्येली," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो तात्या, पाहिलं. बसा ना. ते बसले नाहीत. उंबऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "मग आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. मधोमध हातात डाव धरलेल्या कुसुमताई लहानशा, आणि त्यांच्याभोवती गावातले झाडून सगळे युवा नेते, गॉगल लावून. फाट्यावरच्या मिसळवाल्यानं दुखवटा म्हणून हॉटेल बंद ठेवलं, त्यामुळे फ्लेक्स बघायला आलेल्यांना चहा मिळेना. मारुतीच्या देवळात बचत गटानं सभा घेतली. माजी सरपंचांनी कार्यक्रम कधी पाहिला नव्हता, तरी ताईंचं शेतकऱ्यांसाठीचं कार्य सांगून त्यांनी सगळ्यांना थक्क केलं. बायका मात्र खरोखर रडत होत्या. एकीनं सांगितलं की ताईंच्या कोथिंबीर वड्यांमुळे तिची सासू तिच्याशी पुन्हा बोलायला लागली. मीही रडले, आणि माझं मलाच कळेना मी का रडतेय. ताईंचा एक पदार्थ मी आयुष्यात केलेला नाही! तात्या मागे खांबाला टेकून बसले होते. बोला म्हटलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. सभेहून येताना त्यांनी झेंडूचा हार आणला आणि टीव्हीला घातला.

दुपारी दीड वाजता मी सवयीनं टीव्ही लावला, तर कुसुमताई हसत हसत म्हणाल्या, "नमस्कार, आज आपण करूया भरली भेंडी."

भिंतीवर अशी थाप पडली की माझी मांडणी हादरली. धावत गेले तर तात्या टीव्हीवरचा हार काढून हातात धरून उभे. म्हणाले, "पोरी, बाई जित्ती हाय." तोवर शेवंताकाकू आल्या, मागून आणखी दोघीचौघी. ही तर बोलतेय, मग सकाळी रडलो ते कुणाला? जित्या बाईला श्रद्धांजली म्हणजे केवढा अपशकुन. कुणीतरी फाट्याकडे पळालं आणि फ्लेक्स उतरवला. एकीनं जीभ चावून गालावर चापट्या मारून घेतल्या. संध्याकाळच्या बातम्यांत अंत्ययात्रा दाखवली, तेव्हा फ्लेक्स पुन्हा चढवला, पण घाईत एक कोपरा दुमडला आणि एक युवा नेता आत गेला. त्यावरून वेगळं भांडण झालं, ते सोडा.

मी सगळ्यांना समजावलं की कार्यक्रम आधीच चित्रित करून ठेवतात, ते दाखवणं चालू आहे, खाली पट्टीवर लिहून येतंय ते वाचा जरा. तात्यांनी विचार केला. म्हणाले, "म्हंजी कळशी भरून ठिवल्यावानी." मी म्हटलं, अगदी तसंच. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, "मग कळशीत अनारसं हायेत का?"

ते कुणाला ठाऊक? वाहिनीला फोन करून पाहिला, तिथली मुलगी म्हणाली, कळवू. कसलं कळवतेय.

मग रोजचा नवाच गोंधळ सुरू झाला. तात्या दीड वाजता हार काढायचे, कारण समोर हसणाऱ्या बाईला हार कसा ठेवायचा. दोन वाजता पुन्हा घालायचे. शेवंताकाकूंचं म्हणणं, दुखवट्यात चुलीवर कढई चढवत नाहीत, तळण करत नाहीत. तात्यांनी विचारलं की जिचा दुखवटा ती सोताच भजी तळतीया, मग आपुन काय करायचं? शेवटी असं ठरलं की तात्यांनी करायचं, पण आधी थोडं बाजूला काढून गच्चीवर कावळ्याला ठेवायचं. गच्चीवरच्या कावळ्यांची त्या दिवसांत चंगळ झाली. मी आपली हे सगळं निमूट बघायची. दुखवटा कुणाचा, पाळायचा कुणी, तो सुरू कधी होतो आणि दीड ते दोन बंद कसा राहतो, माझं डोकंच चालेनासं झालं होतं.

रोज तात्या जीव मुठीत धरून बसायचे. आज काय दाखवतात? आणि एका दुपारी ताई म्हणाल्या, आज अनारशाचं पीठ. तात्यांनी तांदूळ ताईंनी महिना लागतानाच सांगितल्याप्रमाणे आधीच भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून ठेवला होता. ताईंबरोबर त्यांनी तो कुटला, चाळला, गूळ किसून घातला, गोळा मळला. मळताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता. शेवटी ताई म्हणाल्या की आता हे पीठ चार-पाच दिवस मुरू द्या, मग आपण तळायला घेऊ. नेहमीसारखे हात जोडले. तात्यांनी पिठाचा गोळा टीव्हीपुढे धरला.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता एक जुनी मालिका लागली. नणंद भावजयीला टाकून बोलत होती. तात्या सदरा घालून अर्धा तास ते भांडण बघत बसले. तिसऱ्या दिवशीही तेच. कळशी संपली होती.

पीठ मात्र डब्यात मुरत होतं आणि महिना सरत होता. तात्यांनी हिंमत करून एक अनारसा तुपात सोडला. सोडल्या सोडल्या तो विरघळून कढईभर पसरला. दुसराही. मी वर्ध्याला आईला फोन लावला, ती म्हणाली आच मंद ठेवा. शेवंताकाकू म्हणाल्या, मोठी पाहिजे. एकीनं केळं घालायला सांगितलं, दुसरीनं तांदळाचं पीठ. एक म्हणाली उलटायचा, एक म्हणाली उलटला की मेला. तात्या प्रत्येकीचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताईनं काय सांगिटलं असतं?" काकू वैतागून म्हणाल्या की भावजी, द्या तो डबा इकडं, मी तळून देते, कोण विचारायला येतंय? तात्यांनी डबा पोटाशी धरला.

मग एके सकाळी भिंतीपलीकडून फोन ऐकू आला. जेवलीस का. बरी हायेस का. त्यानंतर नेहमीचं "ठिवतो" येईना. मी हातातलं काम थांबवलं. बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, "सुरे, अनारसं तळत्यात कसं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. बहुतेक काहीच आलं नसावं, कारण तात्या हॅलो हॅलो करत राहिले.

दुपार व्हायच्या आत सुरेखा हजर. माल्याहून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेली, केस विस्कटलेले, हातात कपड्यांची पिशवी. चपला काढून तडक आत गेली, पदर खोचला आणि डबा उघडला. मला हाक आली, खसखस आहे का? माझ्याकडे होती. घेऊन गेले आणि तिथंच बसले, कारण मला तिथून जा असं कुणी म्हटलं नाही.

तिनं पीठ बोटांनी चोळून पाहिलं. "पीठ ब्येस झालंय," म्हणाली. "कुणी केलं?"

"म्या," तात्या म्हणाले. शाळेत नाव घेतल्यावर पोरं उठतात तसे ते उभेच राहिले होते.

तिनं आच उतरवली. चिमूटभर तांदळाचं पीठ घेऊन गोळ्यात मळलं. एक लहान गोळी खसखशीवर थापली, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात अलगद सोडली, आणि उलटली नाही, नुसतं झाऱ्यानं वरून तूप उडवत राहिली. तिघंही त्या कढईवर वाकलो. अनारसा पसरला नाही. फुलला, जाळी पडली, सोनेरी झाला. तिनं तो चाळणीत काढला आणि आपल्याशीच म्हणाली, "आईचं बी असंच व्हायचं."

मला वाटलं आपण उठावं. तात्या खाली बसले. म्हणाले, "हौसा वरनं तूप उडवताना व्हट दुमडायची. तूबी दुमडलास." तिचं नाव हौसा होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरेखानं झारा खाली ठेवला.

"सुरे, त्या टीव्हीतल्या बाईसाठी गावानं सभा घेतली," तात्या म्हणाले. "फलक लावला. मी रोज दुपारी रडलो. आन् तुझ्या आईला जाळून तिसऱ्या दिशी आपुन दोघं चिखलात उतरलो. तिच्या नावानं आपुन रडलोच न्हाई."

"लावणी हुती तात्या."

"व्हय. लावणी हुती."

आणि मग ती दोघं रडली. मोठ्यानं, तोंडाला पदर नि पंचा लावून, तीन वर्षांचं एकदम. मी गॅस बंद केला. मलाही रडू आलं, पण या वेळी का आलं ते मला नीट कळत होतं.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि पुन्हा कढई चढवली. सगळे अनारसे होईपर्यंत दोघांच्या गप्पा थांबल्या नाहीत. हौसाबाईंना कोणती म्हैस मारायची, कोणत्या जत्रेत त्या हरवल्या होत्या, कुणाशी कचाकचा भांडल्या होत्या, सगळं निघालं. मध्येच हसायचीसुद्धा. मी थापायचं काम केलं आणि माझे दोन सोडून बाकी सगळे जमले. जावई दुसऱ्या दिवशी यायचे होते, सुरेखा त्या रात्री माहेरी राहणार होती.

वाणाचे अनारसे तिनं डब्यात रचले, वर केळीचं पान ठेवलं. मग झाकण हातात धरून थबकली. म्हणाली, "तात्या, सासूबाई इचारतील, कुणी केलं. काय सांगू?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"खरं त्ये सांग," ते म्हणाले. "पीठ बापानं केलं. तळलं आईनं."

सुरेखानं मान डोलावली आणि झाकण लावलं.